स्वप्नस्मरण व त्याची साधने

स्वप्नस्मरण : झोपेत पडलेले स्वप्न जागेपणी आठवणे व ते शब्दांत सांगता येणे. निरोगी प्रौढ माणसाच्या झोपेचा सुमारे एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश भाग शीघ्र नेत्रचलनाच्या अवस्थेत जातो व या अवस्थेतून जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. सकाळी मात्र त्यांतले फारच थोडे हाती उरते. ‘मला स्वप्नेच पडत नाहीत’ असे म्हणणारे लोक सर्वत्र भेटतात. प्रयोगशाळेत योग्य क्षणी उठविले असता त्यांपैकीही बहुतेक जण स्वप्न सांगू शकतात. तेव्हा खरा प्रश्न स्वप्न न पडण्याचा नसून, पडलेले स्वप्न निसटण्याचा आहे. ते निसटू नये म्हणून माणसाने वेगवेगळ्या काळी पद्यरचना, उशाशी ठेवलेली वही, गजराचे घड्याळ, ध्वनिमुद्रक, मेंदूतील विद्युत् लहरी टिपणारी यंत्रे अशी नाना साधने वापरली. या साधनांचा इतिहास पाहू जाता असे दिसते, की त्यांपैकी एकानेही स्मृती बळकट केलेली नाही. स्वप्न आणि त्याचे कथन यांमधील अंतर कमी करणे एवढेच त्यांनी साधले. हे अंतर जितके कमी, तितके कथन विश्वसनीय. मात्र ते अंतर अद्याप कोणालाही पूर्णपणे मिटविता आलेले नाही.

भारतीय परंपरेत स्वप्नाचा विचार प्रामुख्याने फलाच्या दृष्टीने झाला असला, तरी विस्मरणाची दखल तीत घेतलेली आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे सात प्रकार सांगितले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात निष्फळ स्वप्नांची गणना करताना विसरलेल्या स्वप्नाचाही समावेश केला आहे. पहाटे, म्हणजे गाई रानात सोडण्याच्या वेळी, पडलेले स्वप्न मोठे फल देते. परंतु त्यानंतर पुन्हा झोप लागता कामा नये, अशीही अट तेथे आढळते. फलज्योतिषाचा भाग बाजूला ठेवला, तर ही अट अनुभवावर आधारलेली दिसते. पहाटेची स्वप्ने अधिक आठवतात आणि पुन्हा झोप लागली की ती पुसली जातात, हे आधुनिक प्रयोगांनीही दाखविले आहे.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यातील एक युक्तिवाद या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. ‘मी सुखाने झोपलो’ असे स्मरण जागे झाल्यावर होते. ज्याचा अनुभव नाही त्याचे स्मरण संभवत नाही. म्हणून निद्रा हीसुद्धा चित्ताची एक वृत्ती मानली पाहिजे, असे भाष्यकार म्हणतात. जागेपणीच्या स्मरणावरून झोपेतील अनुभवाचे अनुमान करण्याची ही पद्धत आजच्या निद्रासंशोधनाचाही पाया आहे. तिचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही त्या एकाच पायरीत आहेत.

महाराष्ट्रातील उदाहरणे : ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण स्वप्नाच्या उगमाविषयी बोलते, ते टिकते कसे याविषयी ती मूक आहे. त्याचे उत्तर वारकरी संतांच्या आत्मपर रचनांत शोधता येते. संत तुकारामांना (मृ. १६५०) गुरूपदेश झाला तो स्वप्नात, असे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. गंगास्नानास जाताना वाटेत सद्‌गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, राघवचैतन्य व केशवचैतन्य अशी आपली परंपरा सांगून बाबाजी हे आपले नाव सांगितले आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार असा नोंदविलेला आहे. याच अभंगात एक वरवर क्षुल्लक भासणारा तपशील आहे : गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि त्याचा स्वप्नातच विसर पडला. अनुग्रहाची महती वाढविण्यासाठी या तपशिलाचा काही उपयोग नव्हता, उलट काहीसा अडसरच होता. तरीही तो राहिला. पाहिलेल्या स्वप्नाच्या नोंदीत असे अनावश्यक, व्यवहारातील मापासह आलेले तुकडे हमखास सापडतात. रचलेल्या दृष्टांतकथेत ते सहसा नसतात. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केल्याचा प्रसंगही तुकारामांच्या अभंगांत आला आहे.

तुकारामांची समकालीन शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत असाच प्रसंग आढळतो. कोल्हापुरास असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग त्यांच्या कानी पडले, दर्शनाचा ध्यास लागला आणि प्रत्यक्ष भेटीपूर्वीच तुकारामांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. येथेही कार्तिक वद्य पंचमी, रविवार अशी तिथी व वार दिलेले आहेत. बहिणाबाईंचा हा स्वप्नानुग्रह त्यांच्या पुढील सर्व जीवनाचा आधार ठरला. त्यामुळे घरातील विरोधाला तोंड देताना त्यांच्यापाशी दाखविण्याजोगा पुरावा असेल तर तो ही स्मृतीच होती.

तिथी, वार, व्यक्तींची नावे, मंत्राची अक्षरे ही नोंदीची सामग्री आणि यमकांनी बांधलेली, नित्य गायिली जाणारी पद्यरचना हे तिचे साधन, अशी ही व्यवस्था होती. अभंगात एक शब्द बदलला तर यमक व मात्रा यांत तो खटकतो. त्यामुळे एकदा पद्यात बांधलेले स्वप्न पुढे फारसे बदलत नाही. गद्यात सांगितलेले स्वप्न मात्र प्रत्येक कथनागणिक थोडे नीटनेटके होत जाते. या व्यवस्थेत एक उणीव राहते. स्वप्न पडले तो दिवस कळतो, ते पद्यबद्ध केव्हा झाले हे कळत नाही. तुकारामांच्या अनुग्रहाचे वर्ष तिथी-वारांच्या गणिताने ठरविण्याचा प्रयत्न अनेक अभ्यासकांनी केला. परंतु त्यांत एकमत झालेले नाही. एका स्वप्नाच्या स्मरणावर एका संप्रदायाच्या गुरुपरंपरेचा व कालनिर्णयाचा भार पडावा, असे दुसरे उदाहरण मराठी वाङ्‌मयेतिहासात क्वचितच मिळेल.

यूरोपातील प्रारंभीचे प्रयत्न : यूरोपात एकोणिसाव्या शतकात स्वप्नाची नोंद धर्माच्या कक्षेतून निघून निरीक्षणाच्या कक्षेत आली. फ्रेंच चिनी-विद्यापंडित एर्व्हे द सँ-दनी (१८२२–९२) याने वयाच्या तेराव्या वर्षापासून स्वप्नांची सचित्र दैनंदिनी ठेवली व १८६७ मध्ये आपला ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. रोज नोंद करण्याच्या सवयीनेच स्मरण वाढते, हे त्याने स्वतःवर पडताळून पाहिले. एका प्रवासात त्याने विशिष्ट अत्तर वापरले आणि पुढे कित्येक दिवसांनी, आपल्याला नकळत एखाद्या रात्री त्या अत्तराचे थेंब उशीवर टाकण्यास नोकराला सांगून ठेवले. त्या रात्री त्याला त्या प्रदेशाचे स्वप्न पडले. बाह्य उद्दीपक वापरून स्वप्नाशी संधान बांधण्याचा हा पद्धतशीर प्रयत्न होय.

त्याचाच समकालीन आल्फ्रेद मोरी (१८१७–९२) हा साहाय्यकाकरवी स्वतःला झोपेतून उठवून घेत असे. पलंगाची दांडी मानेवर पडताच फ्रेंच राज्यक्रांतीतील खटला व शिरच्छेद यांचे दीर्घ स्वप्न पडल्याचा त्याचा वृत्तांत फार गाजला. एवढे मोठे स्वप्न क्षणार्धात घडते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला व तो जवळजवळ शतकभर टिकला. स्वप्न त्याच्या तरुणपणीचे होते व वृत्तांत बऱ्याच वर्षांनंतरचा होता, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले. पण आकर्षक गोष्टीपुढे अशा आक्षेपांचा निभाव लागत नाही.

या क्षेत्रातील पहिले खरोखर शिस्तबद्ध काम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी व्हिटन कॉल्किन्स (१८६३–१९३०) हिचे होय. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधात तिची स्वतःची व एडमंड सॅनफर्ड या सहकाऱ्याची कित्येक आठवड्यांची स्वप्ने संकलित केलेली असून त्यांची एकूण संख्या ३७५ आहे. साधने अगदी साधी होती : गजराचे घड्याळ, मेणबत्ती, आगपेटी, कागद व पेन्सिल. गजर रात्रीच्या निरनिराळ्या प्रहरी लावला जाई व जाग येताच, स्वप्न कितीही किरकोळ असले तरी, लिहून काढले जाई. मध्यरात्री पडलेले स्वप्न इतके ठसठशीत वाटते, की सकाळी लिहिले तरी चालेल असा भरवसा वाटतो. परंतु सकाळी त्यातले काहीच उरत नाही, असा तिने इशारा दिला आहे. बहुतेक स्वप्ने रात्रीच्या उत्तरार्धातील असतात व त्यांतील माणसे आणि प्रसंग दैनंदिन जीवनाशी निगडित असतात, हे तिचे निष्कर्ष पुढे टिकून राहिले. सिग्मंड फ्रॉइडच्या १९०० सालच्या स्वप्नमीमांसेने मात्र संशोधकांचे लक्ष मोजमापाकडून अर्थाकडे वळविले. विस्मरण हे मनातील निरोधनाचे कार्य आहे असे एकदा मानले, की स्मरणाच्या साधनांची निकड उरत नाही. कॉल्किन्सची पद्धत त्यामुळे अर्धशतक मागे पडली, ही त्या शास्त्राची हानीच म्हणावी लागेल.

यंत्रयुग : जर्मन मानसचिकित्सक हान्स बर्गर याने १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत् लहरींचा पहिला आलेख घेतला व तो १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. झोपेच्या अवस्था आलेखावरून ओळखता येऊ लागल्या, तरी स्वप्नाची खूण त्यांत सापडली नव्हती. ती शिकागो विद्यापीठात सापडली. युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने एका जुन्या, टाकून दिलेल्या आलेखयंत्राची दुरुस्ती करून त्याचे विद्युत् अग्र आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ चिकटविले. रात्रभर सरकणाऱ्या शेकडो मीटर कागदावर अधूनमधून डोळ्यांच्या वेगवान हालचालींचे पुंजके उमटले. यंत्रात बिघाड असावा, ही शंका प्रथम फेडावी लागली. १९५३ मध्ये त्याने नेथन क्लाइटमन याच्यासह निष्कर्ष प्रसिद्ध केले : नेत्रचलन चालू असताना २७ वेळा जागे केले असता २० वेळा स्वप्न सांगितले गेले, नेत्र स्थिर असताना २३ वेळा जागे केले, त्यांपैकी १९ वेळा काहीच आठवले नाही.

विल्यम डिमेंट व क्लाइटमन यांनी १९५७ मध्ये हे काम अधिक काटेकोर केले. पलंगाजवळ दरवाज्याची साधी विद्युत् घंटा बसविलेली असे. ती वाजताच झोपलेल्याने संशोधकाशी काहीही बोलण्यापूर्वी शेजारच्या ध्वनिमुद्रकात स्वप्न सांगावयाचे. प्रश्नकर्त्याच्या सूचनेने कथन रंगू नये हा त्यामागील हेतू होता. शीघ्र नेत्रचलनाच्या अवस्थेतून १९१ वेळा जागे केले असता १५२ वेळा स्वप्न आठवले. इतर अवस्थांतून १६० पैकी केवळ ११ वेळा. त्यांतही नेत्रचलन थांबून काही मिनिटे लोटली, की स्मरणाचे प्रमाण झपाट्याने घसरत असे. नेत्रचलन सुरू होऊन पाच मिनिटे झाली होती की पंधरा, हे ओळखण्यास सांगितले असता १११ पैकी ९२ वेळा उत्तर बरोबर आले. स्वप्न क्षणार्धात घडते हा मोरीच्या वृत्तांतावर उभा राहिलेला समज अशा रीतीने दरवाज्याच्या घंटेने निकालात काढला.

तथापि यंत्राने स्वप्न पाहिले असे मात्र झाले नाही. यंत्राने केव्हा विचारावयाचे ते सांगितले; उत्तर झोपलेल्यानेच दिले. १९५९ मध्ये नॉर्मन मॅल्कम या तत्त्वज्ञाने यावर बोट ठेवले. जागे झाल्यावरच्या कथनाव्यतिरिक्त स्वप्नाला दुसरी कसोटीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. विचारण्याच्या पद्धतीनेही उत्तर बदलते, हे डेव्हिड फाउल्क्सने १९६२ मध्ये दाखविले : ‘स्वप्न पडत होते काय’ याऐवजी ‘मनात काय चालले होते’ असे विचारताच शीघ्र नेत्रचलनाव्यतिरिक्तच्या झोपेतूनही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही आशय सांगितला गेला. उठविण्याच्या रीतीवरही स्मरण अवलंबून असते. एकदम जागे केलेल्यास स्वप्न आठवते, हळूहळू जागे होणाऱ्याच्या हातून ते बऱ्याचदा सुटते.

विस्मरणाची कारणे : शीघ्र नेत्रचलनाच्या अवस्थेत मेंदूतील नॉरॲड्रेनॅलीन स्रवणाऱ्या कोशिका जवळजवळ शांत असतात व नवा अनुभव दीर्घकालीन स्मृतीत बसविण्याचे काम मंदावते. जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून, अधोथॅलॅमसातील काही तंत्रिका कोशिका या अवस्थेत विस्मरणाला सक्रिय साहाय्य करतात असे दाखविले. दुसरे कारण जागेपणाशी संबंधित आहे. फ्रान्समधील लिआँ येथील २०१४ च्या अभ्यासात, नेहमी स्वप्ने आठवणारे लोक रात्रीतून एकूण सुमारे ३० मिनिटे जागे असतात, तर क्वचित आठवणारे त्याच्या निम्मेच, असे आढळले. ज्याची झोप अधिक मोडते त्याला स्वप्ने अधिक आठवतात. स्मरणशक्तीच्या श्रेष्ठत्वाचा त्यात संबंध नाही.

तिसरे कारण अवधानातील व्यत्यय. कोहेन व वुल्फ यांनी १९७३ मध्ये काही विद्यार्थ्यांना जाग येताच दूरध्वनीवरून हवामानाची माहिती घेऊन तापमान टिपण्यास व मगच स्वप्न लिहिण्यास सांगितले, तर इतरांना काही वेळ स्वस्थ पडून राहण्यास सांगितले. पहिल्या गटातील सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनाच स्वप्नाचा आशय आठवला. दुसऱ्या गटात हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. हा प्रयोग मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर रोज घडतो असे म्हणण्यास हरकत नाही. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किमी. अंतरावर आहे. तेथून वा अंबरनाथ-उल्हासनगरहून सकाळची पहिली पाळी गाठणारा नोकरदार ज्या वेळी गजराने उठतो, ती शीघ्र नेत्रचलनाचे सर्वांत दीर्घ कालखंड येण्याची वेळ असते. गजर त्याला बहुधा ऐन स्वप्नातूनच उठवितो, म्हणजे स्मरणास अनुकूल अशीच जाग आणतो. परंतु पुढच्याच क्षणी पाणी, डबा आणि गाडीची वेळ यांकडे मन धावते आणि स्वप्न नाहीसे होते. प्रयोगशाळेतील घंटा व घरातील गजर यांत यांत्रिक फरक काहीच नाही. घंटेनंतर काय करावयाचे हे कोणी ठरवून दिले आहे, एवढाच फरक आहे.

अलीकडील साधने : इंग्‍लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न याने १९७५ मध्ये, आपण स्वप्नात आहोत याची जाणीव असलेल्या माणसाने डोळ्यांच्या ठरावीक हालचालींनी केलेले संकेत प्रथम नोंदले. अमेरिकेत स्टीफन लाबर्ज याने स्वतंत्रपणे हेच दाखवून, नेत्रचलन ओळखून पापण्यांवर तांबड्या प्रकाशाची उघडझाप करणारे मुखवटे बनविले. या मुखवट्यांचा प्रसार बराच झाला. त्यांच्या जोडीला उशाशी वही ठेवण्याचा सल्ला मात्र कायम राहिला. जागे होण्याची वाट न पाहता स्वप्नातूनच उत्तर मिळविण्याची ही दिशा २०२१ मध्ये पुढे गेली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदर्लंड्स येथील चार प्रयोगशाळांतील ३६ व्यक्तींपैकी काहींनी झोपेत असतानाच विचारलेल्या साध्या प्रश्नांना डोळ्यांच्या वा चेहऱ्याच्या हालचालींनी बरोबर उत्तरे दिली.

मेंदूच्या प्रतिमांवरून स्वप्नाचा आशय वाचण्याचा प्रयत्न क्योटो येथील युकियासु कामितानी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. चुंबकीय अनुस्पंदन यंत्रात झोपलेल्या तीन व्यक्तींना प्रत्येकी सुमारे २०० वेळा उठवून, झोप लागता लागता दिसलेल्या दृश्यांचे वर्णन विचारण्यात आले. जागेपणी चित्रे पाहताना मिळालेल्या मेंदूच्या आकृतिबंधांशी तुलना करून संगणकाने दृश्यातील वस्तूंचे वर्ग योगायोगापेक्षा अधिक वेळा ओळखले. संगणकाचे उत्तर बरोबर की चूक, हे ठरविण्यास मात्र झोपलेल्याचे कथनच लागले. २०१७ मध्ये फ्रान्चेस्का सिक्लारी व सहकाऱ्यांनी डोक्यावर २५६ विद्युत् अग्र लावून, मेंदूच्या मागील भागातील क्रियेवरून स्वप्न चालू आहे की नाही हे ८७ टक्के वेळा अचूक सांगितले. ‘स्वप्न पडले खरे, पण काय ते आठवत नाही’ असे सांगणाऱ्यांच्या आलेखातही त्या भागात स्वप्नाची खूण दिसली. विसरलेले स्वप्न निष्फळ असेल, पण ते पडलेले असते, याला अशा प्रकारे प्रथमच कथनाबाहेरचा आधार मिळाला.

मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील ‘डॉर्मियो’ हे हातावर घालावयाचे उपकरण झोप लागण्याचा क्षण ओळखून एखादा विषय उच्चारते, काही वेळाने माणसाला अर्धवट जागे करते व त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करते. त्यावरील निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एर्व्हेचे अत्तर व कॉल्किन्सचा गजर यांचा यात मिलाफ झालेला दिसतो. आठवण करून देणारे साधन आशयही सुचवू लागले, की आठवले ते स्वप्न कोणाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. तो केवळ तात्त्विक राहिला नाही. २०२१ च्या प्रारंभी एका अमेरिकन मद्योत्पादक कंपनीने आपल्या मालाची स्वप्ने पडावीत यासाठी झोपण्यापूर्वी पाहावयाची चित्रफीत व रात्रभर ऐकावयाचे ध्वनिमुद्रण प्रसृत केले. त्याच वर्षी निद्रा व स्वप्न या विषयांच्या सुमारे ४० संशोधकांनी खुले पत्र प्रसिद्ध करून, झोपेतील मनावर जाहिरातीचा प्रयोग करण्यास कायद्याने आळा घालावा अशी मागणी केली.